बेशरम कोण काढणार? भंडाऱ्याचे तलाव आणि तणाच्या खर्चाचा इतिहास

#थ्रेड

३१ मार्च १९५१. या दिवशी तेव्हाच्या मध्य प्रदेशातील मालगुजारी संपली. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशातच होता. गावठाणे, पडीक जमिनी आणि झुडपी जंगले यांच्यासोबत मालगुजारांचे तलावही सरकारजमा झाले. कायद्यात भरपाईचा हिशेब होता, हक्कांचा हिशेब होता. येत्या उन्हाळ्यात तलावातले तण कोण काढणार आणि त्याची मजुरी कोण देणार, हा हिशेब मात्र कुठेच मांडलेला नव्हता.

तो आजही पूर्णपणे मांडला गेलेला नाही. ही त्याचीच कथा.

आधी तलावांविषयी. पूर्व विदर्भातील पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा ते सात हजार जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याचे आद्याक्षरी रूप ‘मामा तलाव’. कोणत्याही मामांचा त्यांच्याशी संबंध नाही. भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया ही या तलावांची मुख्य भूमी.

हे तलाव बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाला दिले जाते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोहळ्यांची नोंद आहे. १९११ च्या जनगणनेत त्यांची संख्या जेमतेम २६ हजारांच्या आसपास होती, तरी वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठ्या तलावांचे निर्माते म्हणून त्यांची ख्याती होती. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला असता त्याने या लोकांचे कसब पाहिले आणि त्यांना इकडे आणले, अशी दंतकथाही तिथे येते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो.

दंतकथा बाजूला ठेवली तरी तिच्यामागचा व्यवहार खरा आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन सवलतीने द्यायची, अशी गोंड राजवटीची रीत होती. चांद्याकडे अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम ही वस्ती आजही ते नाव वागवते. म्हणजे तलाव बांधणारा आणि तलावाच्या पाण्याचा फायदा घेणारा माणूस एकच. तणाच्या अर्थशास्त्रात ही गोष्ट कळीची आहे. पुढे तिचा पुन्हा संबंध येईल.

भंडाऱ्याचे मुख्य पीक धान. आणि धानाच्या बांधीत साचलेले पाणी पिकाची तहान भागवते, त्याचबरोबर आणखी एक काम करते. ते तण दाबून ठेवते.

रोवणीची पद्धत आठवावी. पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले की चिखलणी केलेल्या बांधीत रोवायचे आणि वर पाणी साठवून ठेवायचे. पाण्याखाली हवा नाही, त्यामुळे बहुतेक तणांचे बी उगवतच नाही. धानाचे रोप मात्र आधीच उंच झालेले असते. ‘आवत्या’ पद्धतीत, म्हणजे बी थेट फेकून पेरले की, धान आणि तण एकाच दिवशी शर्यतीला उभे राहतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशभरातील नुकसानीचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यात रोवणीच्या धानात तणामुळे होणारी घट सुमारे १४ टक्के, तर थेट पेरलेल्या धानात सुमारे २१ टक्के दिसते. दहा प्रमुख पिकांचे मिळून वार्षिक नुकसान त्यांनी सुमारे ११ अब्ज डॉलर धरले. त्यातला सर्वांत मोठा वाटा धानाचा.

आता हे भंडाऱ्याच्या भाषेत मांडले तर असे होते: तलावात पाणी असेल तर रोवणी वेळेवर होते, बांधीत पाणी उभे राहते आणि निंदणाचा खर्च कमी येतो. तलाव गाळाने आणि झुडपांनी भरला की पावसाच्या एका खंडात बांधी उघडी पडते, आणि तलावात न काढलेल्या तणाचे बिल शेतात निंदणाच्या मजुरीच्या रूपाने येते. दोन तणे, दोन जागा, खाते एकच.

मालगुजाराला हे खाते तोंडपाठ असे. तलाव भरला तर धान पिकणार, धान पिकले तर कुळाकडून खंड वसूल होणार, आणि खंड आला तर सरकारचा सारा भरता येणार. पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाणी सोडायची मोरी साफ ठेवणे यांवरचा खर्च फिरून त्याच्याच कोठीत परत येत होता.

येथे मालगुजारीविषयी हळवे होण्याचे कारण नाही. पाळीवर माती टाकणारे हात बहुतेक वेळा कुळांचे आणि भूमिहीनांचे असत आणि त्यांना नेहमी योग्य मोबदला मिळेच असे नाही. वेठ हा त्या व्यवस्थेचा भाग होता. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. पण तिने एक काम मुकाट्याने केले होते: देखभालीचा खर्च आणि पिकाचा फायदा तिने एकाच वहीत ठेवला होता. १९५१ मध्ये ती वही फाटली आणि नवी शिवली गेली नाही.

गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे गुरांना पाणी, घरगुती वापर यांसारखे परंपरेचे अधिकार, कागदोपत्री टिकले. वाजिब-उल-अर्जातल्या नोंदी होत्याच. खासगी जमिनीतल्या लहान बोड्या मालकांकडे राहिल्या. मोठे गावतलाव मात्र सरकारचे झाले. आणि सरकार बदलत राहिले. १९५६ मध्ये भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. अकरा-बारा वर्षांत तीन राज्ये आणि चार प्रकारचे मालक. पाणी कोणाचे हे दर वेळी नव्याने लिहिले गेले. झाडोरा कोणाचा हे कोणी लिहिले नाही.

याच सुमारास तणासाठी पैसा नव्हता असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. स्वतंत्र भारताला मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी हे एक. कशासाठी? मध्य भारतातील काळ्या जमिनीत खोल मुळे रोवून बसलेले ‘कांस’ गवत उखडण्यासाठी अवजड ट्रॅक्टर घ्यायला! कांस काढले की गव्हाची जमीन मोकळी होते, गहू विकता येतो, कर्ज फेडता येते. बँकेला कळेल असा तो हिशेब होता. भंडाऱ्याच्या तलावातले झुडूप काढले तर फायदा शेकडो लहान बांध्यांत, गुरांच्या पाण्यात आणि मासळीत विखुरतो. असा विखुरलेला फायदा तारण ठेवता येत नाही.

मग आले ते झुडूप, ‘बेशरम’.

शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. मूळ उष्ण कटिबंधातील अमेरिका. मनगटाएवढी पोकळ खोडे, हृदयाच्या आकाराची पाने, फिकट गुलाबी कर्ण्यासारखी फुले. भारतात ते आले ते शोभेचे झाड म्हणून, आणि पसरले ते कुंपण म्हणून. फांदी तोडून खोचली की रुजते. पाण्यात बुडाली तरी जगते, कोरड पडली तरी जगते. तोडून फेकलेला तुकडाही ओल मिळताच मूळ धरतो. नाव उगाच पडलेले नाही.

लोकांनी ते लावले यात मूर्खपणा नव्हता. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. त्यात विषारी अल्कलॉइड असतात आणि ते सतत खाण्यात आलेल्या शेळ्यांना मज्जासंस्थेचे विकार होतात. म्हणून काटेरी तार विकत घेण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्यासाठी ते फुकटचे कुंपण होते. वाळलेली खोडे चुलीत जात, कुडाच्या भिंतीत जात. बेशरम लावणाऱ्याचा फायदा त्याच्या धुऱ्यावर होता आणि त्याच हंगामातला होता. नुकसान मात्र वाहत जाऊन वीस वर्षांनी दुसऱ्याच्या तलावात पोहोचले.

गुरे ते खात नाहीत, या एका गुणात सगळे अर्थशास्त्र दडलेले आहे. तलावकाठचे देशी गवत गुरे खात, गवत कापणारे भारे बांधून नेत. ती फुकटची निंदणी होती. बेशरमाला खाणाराच नाही, त्यामुळे त्याचे प्रत्येक खोड मजुरी देऊनच काढावे लागते.

नावांची एक गंमतही पाहण्यासारखी आहे. शेताच्या धुऱ्यावर आणि रस्त्याकडेला वाढणाऱ्या गाजर गवताला ‘काँग्रेस गवत’ म्हणतात. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे ते नाव पडले असे काही सांगतात. काँग्रेस सरकारने आणलेल्या अमेरिकी गव्हातून, पीएल-४८० मधून, ते आले म्हणून पडले असे इतर सांगतात. ही दुसरी गोष्ट समाजमाध्यमांवर दर पावसाळ्यात फिरते. तिच्यातील तारखा मात्र जुळत नाहीत. गाजर गवत पुण्यात १९५५ मध्ये आढळले आणि त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. पीएल-४८० खालचा भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्याआधी, १९५१ पासून, अमेरिकी गहू वेगळ्या कर्जाखाली येत होता, त्यामुळे धान्यातून बी आले असण्याची शक्यता उरते. पण रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या वनस्पतियादीत, १८१४ मध्येच, या वनस्पतीचे नाव आहे! एका तणाच्या नावात लोकांनी सरकारला दोषी धरले, दुसऱ्याच्या नावात खुद्द झाडालाच. तलावाच्या मालकाचे नाव कोणत्याच तणाला मिळाले नाही.

आता प्रत्यक्ष खर्चाकडे. समजा, एका तलावाखाली चाळीस शेतकऱ्यांच्या बांध्या आहेत. बेशरम काढायचे ठरले. ज्याची बांधी मोरीजवळ आहे त्याला कसेही पाणी मिळते. त्याला घाई नाही. ज्याची बांधी शेवटाला आहे त्याला सर्वाधिक गरज, पण त्याचे पीक सर्वांत अनिश्चित, म्हणून त्याच्या हाती पैसा सर्वांत कमी. एकट्याने काढले तर खर्च त्याचा, लाभ चाळीस जणांचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. कोणी आळशी नाही, कोणी दुष्ट नाही, आणि तरी झुडूप वाढत राहते.

शिवाय भंडाऱ्याचे तलाव एकेकटे नाहीत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, बोडीचे पाणी पुढच्या तलावात, अशी साखळी आहे. तुकड्यातून रुजणाऱ्या झाडासाठी ही साखळी म्हणजे राजमार्ग. खालच्या गावाने मेहनतीने तलाव साफ केला आणि वरच्या गावाने केला नाही, तर पहिल्या मोठ्या पुरात पुन्हा बेणे हजर. म्हणजे काम वरून खाली व्हायला हवे. पण तलावांचे प्रशासन तालुका, खाते आणि हेक्टर पाहून वाटलेले. पाण्याचा उतार पाहून नव्हे.

वेळेचा प्रश्न तर आणखी नाजूक. काढणी उन्हाळ्यातच शक्य, कारण तेव्हा तळ उघडा पडतो. उन्हाळ्यात मजूर रिकामा असतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. याच दिवसांत मोहफुले असतात, तेंदूपत्ता असतो, आणि तेंदूपत्त्याचा पैसा रोख मिळतो. गावाच्या नावाने फुकट बेशरम उपटायला यायचे, तर तेंदूची रोजी बुडवून यावे लागते. श्रमदानाची खरी किंमत ही.

इतर प्रांतांनी असे प्रश्न कसे सोडवले? बंगालमध्ये जलपर्णीने नद्या-नाले आणि धानाची शेते व्यापली तेव्हा १९३६ मध्ये थेट कायदा झाला. आपल्या जागेतली जलपर्णी काढण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली गेली. १९३७ च्या निवडणुकीत जलपर्णी हा प्रचाराचा मुद्दा होता. जलपर्णी आजही बंगालमध्ये आहे. कायद्याने खर्च कोणाचा ते सांगितले, पण तो परवडण्याची सोय केली नाही.

दुसरा मार्ग किड्यांचा. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लाल रंगासाठी कोचिनील किडा म्हणून जो किडा कलकत्त्यात आणला गेला तो भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका मिळाला, पण त्या किड्याने निवडुंगाची एक जात फस्त करायला सुरुवात केली. चुकून लागलेला तो शोध पुढे जगभरच्या जैविक तणनियंत्रणाचा आरंभ मानला गेला. गाजर गवतासाठीही १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा भुंगेरा बंगळुरूला आणला आणि १९८४ मध्ये सोडला. किड्याला मजुरी लागत नाही आणि तो सातबारा पाहत नाही, हे त्याचे मोठेपण. बेशरमाबाबत अडचण अशी की रताळेही आयपोमियाच. तलावातले झुडूप खाऊन उपाशी राहिलेला परदेशी किडा रताळ्याच्या वाफ्यात उतरणार नाही, याची खात्री आधी करावी लागते. रासायनिक तणनाशकांनी झुडूप मरते. पण त्याच पाण्यात गुरे उतरतात, मासळी वाढते, बायका धुणे धुतात.

उरतात हात. आणि हातांना मजुरी देणारी सरकारी व्यवस्था महाराष्ट्रात १९७२ पासून आहे. रोजगार हमी हे या राज्याने देशाला दिलेले देणे. मग रोजगार हमीतून दर उन्हाळ्यात बेशरम का काढले गेले नाही?

उत्तर २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत सापडते. मोजता न येणारी, पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे घेऊ नयेत, असे तिथे म्हटले होते, आणि उदाहरणादाखल पहिला उल्लेख होता तो गवत काढण्याचा. हेतू समजण्यासारखा आहे. गवत काढल्याची खोटी हजेरी लावणे सोपे. खणलेला खड्डा मात्र फूटपट्टीने मोजता येतो. त्यामुळे गाळ काढणे योजनेत बसत असे, पाळ उंच करणे बसत असे, निव्वळ तण काढणे अडत असे. तणाचा स्वभाव मात्र नेमका हाच, की ते पुन्हा पुन्हा काढावे लागते. ‘टिकाऊ मत्ता’ शोधणाऱ्या कायद्याला दरवर्षीची निंदणी दिसत नव्हती, आणि तिच्याशिवाय काढलेला गाळही फार काळ निघालेला राहत नाही.

मग हे काम कुठे झाले? ज्यांच्या वहीत खर्च आणि फायदा अजूनही एकाच पानावर होता त्यांच्याकडे. ते शेतकरी नव्हते. ते होते ढिवर, तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या आणि आता गोंदियात असलेल्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था आणि मनीष राजनकर यांची संस्था यांनी काही तलाव हातात घेतले.

ढिवरांचा हिशेब शेतकऱ्याच्या हिशेबाहून थेट आहे. बेशरमात जाळे अडकते, फाटते, टाकताच येत नाही. झुडपांनी तळ व्यापला की देशी पाणवनस्पती जातात आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणारी देशी मासळीही जाते. नुकसान त्याच हंगामात टोपलीत दिसते. आणि मोरीजवळचा ढिवर, शेवटचा ढिवर असा भेद नाही. तलाव संस्थेचा, मासळी सगळ्यांची.

त्यांनी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटले, उघड्या तळात नांगर घातला आणि नंतर तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. ही शेवटची पायरी महत्त्वाची. नुसते उपटून मोकळी ठेवलेली जागा म्हणजे तणाला दिलेले निमंत्रण. कोणती वनस्पती किती पाण्यात येते, कोणत्या माशाला कोणती लागते, हे ज्ञान वृद्ध ढिवरांकडे होते. महिलांच्या गटांनी लावणीचे काम केले. झुडूप हटल्यावर पाणपक्षी परतले. पूर्वी काठच्या उथळ पाण्यात आपोआप येणारे ‘देवधान’, म्हणजे रानटी भात, हाही अशा तलावांचाच रहिवासी, आणि गोंदिया-भंडाऱ्यातल्या सारस पक्ष्यांना असेच तलाव आणि धानाच्या बांध्या लागतात.

या हिशेबातही एक फट आहे. मासेमारीचा हक्क ठरावीक मुदतीच्या ठेक्याने मिळतो. बेशरम काढण्याचा मोठा खर्च पहिल्या उन्हाळ्यात येतो आणि मासळीचा फायदा पुढे अनेक वर्षांत थोडा थोडा. ठेका हातात राहील याची शाश्वती असेल तरच पहिला उन्हाळा परवडतो. गोंड राजाने तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली ती एका हंगामासाठी दिली नव्हती.

साफ झालेल्या तलावात दुसऱ्या उन्हाळ्यातही फिरावे लागते. गाळात राहिलेले तुकडे फुटलेले असतात. तोवर ते हाताने उपटता येतात, कुदळ लागत नाही, आणि एका सकाळी चार-सहा माणसे एक काठ संपवतात. तिसऱ्या वर्षी कोंब आणखी कमी. ज्या वर्षी कोणी फिरकत नाही, त्या वर्षी खोड मनगटाएवढे होते आणि हिशेब पुन्हा १९५१ पासून सुरू होतो.